होस्तियातलं मीठ

दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची मला फार वाईट खोड आहे. कुणी कांदा चिरत असलं तर मी "असा नाही, असा" म्हणत विळी ओढून घेते. कुणी सायकलच्या चाकात हवा भरत असलं तरी मला राहवत नाही, आणि मला सायकल धड चालवताही येत नाही. माय याला आगाऊपणा म्हणते आणि दिवसातून चारदा म्हणते. या आगाऊपणापायी एकदा माझी हॉस्टेलची सीट जायची वेळ आली होती. सीट गेली असती तर शिक्षणही गेलं असतं, कारण माझ्यासाठी या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या.

आमचं गाव गिरडच्या टेकडीच्या पायथ्याशी. वावरात उभं राहिलं की टेकडीवरचा दर्गा दिसतो. घरी भाजीपाल्याची शेती: वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, हिवाळ्यात मेथी. आणि विद्यापीठ वर्ध्याच्या बाहेर, नालवाडी मागे टाकून पुढे. ते चालवतात फादर आणि सिस्टर लोक. मला तिथे बी.एससी.ला प्रवेश मिळाला तेव्हा गावात दोन मतं पडली. एक, पोरीनं नशीब काढलं. दुसरं, ते लोक बाटवतील. तीन वर्षांत मला कुणी बाटवलं नाही. तिथल्या कामाच्या पहिल्या दिवशी त्यांनी मला एक केस झाकायची टोपी दिली आणि नखं कापून ये म्हणून सांगितलं, एवढाच काय तो माझ्यावर झालेला संस्कार.

पहिला महिना मी घरून येऊन-जाऊन केलं. जाम गावच्या थांब्यावर गाडी बदलायची, तिथे कधी अर्धा तास, कधी दीड तास उभं राहायचं. सकाळचं प्रॅक्टिकल रोज बुडायचं. मॅडमनी एक दिवस सगळ्यांसमोर सांगितलं, की असं चालणार असेल तर नाव काढून घे. त्या दिवशी मी जामच्या थांब्यावर चहाच्या टपरीमागे उभी राहून रडले. रडून झाल्यावर दुसऱ्या दिवशी विद्यार्थी सेवा केंद्रात गेले.

या केंद्राचं नाव मोठं, प्रत्यक्षात ती एक खिडकी होती. ओळखपत्र हरवलं, या खिडकीवर. एसटीचा पास हवा, या खिडकीवर. ताप आला, छत्री सापडली, रूममेटशी पटत नाही, अभ्यास डोक्यात शिरत नाही, सगळं या एकाच खिडकीवर. आत एक फादर बसायचे. मोठा, तांबूस चेहरा, बोटांना कायम शाई. मुलं त्यांना घाबरायची आणि दिवसभर त्यांच्याकडेच जायची. मी गेले तेव्हा हॉस्टेल भरलेलं होतं. उरली होती ती फक्त कामाची सीट. म्हणजे रोज दोन तास विद्यापीठाचं काम करायचं आणि हॉस्टेलात राहायचं, जेवायचं. काम सुटलं की सीट सुटली.

"काय येतं?" फादरनी विचारलं.

"स्वयंपाक," मी म्हटलं. "चांगला येतो."

मेसमध्ये जागा नव्हती. बागेत नव्हती, ग्रंथालयात नव्हती. फादर वही चाळत म्हणाले, "होस्तियाच्या खोलीत एक हात कमी आहे, पण..." आणि थांबले. त्या 'पण'चा अर्थ मला नंतर कळला. मिस्सेत, म्हणजे चॅपलमधल्या त्यांच्या उपासनेत, श्रद्धाळूंना एक पातळ, पांढरी, नाण्याएवढी भाकर देतात. तिला होस्तिया म्हणतात. ती भाकर विद्यापीठातच एका खोलीत तयार व्हायची आणि त्या खोलीत आजवर कॅथलिक नसलेल्या मुलीनं काम केलेलं नव्हतं. खिडकीशेजारच्या बाकावर एक म्हाताऱ्या सिस्टर औषधाच्या गोळ्या घ्यायला बसल्या होत्या. ती खोली त्यांचीच. त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले.

"हात स्वच्छ आहेत. मला चालेल," त्या म्हणाल्या.

"जबाबदारी तुमची राहील, सिस्टर," फादर म्हणाले.

"माझी."

एवढ्यावर माझं शिक्षण वाचलं. मी त्या सिस्टरच्या पायाच पडणार होते, पण त्यांनी मध्येच खांदा धरून मला उभं केलं आणि औषधाच्या पुडीसकट चालू लागल्या. मी मागे मागे गेले.

सिस्टर केरळच्या, पण चाळीस वर्षं इकडे काढलेल्या. मराठी येत होतं, बोलायचं मात्र त्यांना आवडत नव्हतं. सगळं हातानं. त्या करायच्या, मी बघायचे. मग मी करायचे, त्या बघायच्या. चुकलं की माझं मनगट धरायच्या, बरोबर असलं की धरायच्या नाहीत. खोलीत विजेवर तापणारं एक यंत्र होतं. दोन जाड लोखंडी पाट, एकावर एक मिटणारे, सँडविच भाजायच्या यंत्रासारखे, पण खूप मोठे आणि खालच्या पाटावर बारीक क्रूस कोरलेले. गव्हाचं पीठ पाण्यात कालवायचं, धिरड्याच्या पिठाहून पातळ. पळीभर ओतायचं, पाट मिटायचा, चर्रकन वाफ यायची. मिनिटभरात आतून कागदासारखा पांढरा तक्ता निघायचा. तो लगेच कापला तर तडकतो. म्हणून रात्रभर ओल्या कापडात ठेवायचा आणि सकाळी मऊ झाला की गोल साच्यानं होस्तिया कापायच्या. तुटकी बाजूला, वेडीवाकडी बाजूला.

गहू नालवाडीच्या चक्कीवरून दळून आणायचे. ते काम माझ्याकडे आल्यावर सिस्टर एकदा स्वतः सोबत आल्या. चक्कीवाल्यानं नुकतीच कुणाची तरी ज्वारी दळली होती. सिस्टर हलल्या नाहीत. दुसऱ्या कुणाचे तरी गहू येईपर्यंत त्या पाऊण तास बाहेरच्या दगडावर बसून राहिल्या आणि ते गहू दळून झाल्यावरच आपले टाकले. मला वाटलं, रंग बिघडेल म्हणून असेल. विचारलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण त्या सांगत नव्हत्या आणि विचारायचा माझा स्वभाव नाही. मी थेट सुधारणा करते.

गोल कापून झाल्यावर तक्त्याची जी जाळी उरते तिला आम्ही कातरण म्हणायचो. ते नुसतं भाजलेलं पीठच, ते कुणीही खावं. हॉस्टेलच्या मुली त्यावर तुटून पडायच्या, लसणाच्या चटणीबरोबर. दिवाळीला मी पिशवीभर कातरण घरी नेलं. मायनं एक तुकडा तोंडात टाकला, दुसरा टाकला नाही.

"हे काय वं? अळणी आहे सप्पा. तुह्या सिस्टरले मीठ टाकाचं ध्यान राहत नाई काय?"

"म्हाताऱ्या आहेत त्या."

"मंग तू काऊन नाई टाकत? बाजूले उभी राहून पाहत राह्यते काय?"

माझ्या मनात ते घर करून बसलं. कारण मला उत्तर सापडलं होतं. सिस्टरना रक्तदाब होता. डॉक्टरनी त्यांचं मीठ बंद केलं होतं. मेसमध्ये त्यांचं ताट वेगळं यायचं, पांढरीफटक भाजी, पांढरंफटक वरण, आणि त्या निमूटपणे जेवायच्या. मी असा निष्कर्ष काढला, की स्वतःचं मीठ सुटलं म्हणून या बाईंच्या हातातूनच मीठ सुटलंय आणि बिचारे सगळे ख्रिस्ती लोक भिडेखातर अळणी खात आहेत. आज हे लिहितानाही माझे कान तापतात. तेव्हा मात्र मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

जानेवारीत विद्यापीठाच्या रक्षक संताचा सण होता. बिशप येणार होते, जिल्ह्यातून माणसं येणार होती, मैदानात मंडप पडला होता. नेमकं त्याच आठवड्यात सिस्टरच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, मोतीबिंदूचं. जाताना त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. बोलल्या काहीच नाहीत. फक्त माझी मूठ वरून आपल्या हातानं बंद केली.

आता सगळं माझ्या हातात होतं. आणि मी सुधारणा केली.

पहिल्या दिवशी पीठ कालवलं आणि त्यात मीठ टाकलं. प्रत्येक पातेलीभर पिठाला चार चिमटी, आमच्या घरच्या हातानं. बोट बुडवून चाखलं. बरोबर! तेलाचं मोहनही घालणार होते, खुसखुशीत होतात म्हणून. पण तेलाची बाटली मेसमध्ये होती आणि मला उठायचा कंटाळा आला. माझ्या आळसानं कुणाचं एवढं भलं क्वचितच केलं असेल. तीन दिवस मी पाट मिटत आणि उघडत राहिले. तक्ते सुरेख उतरले. सणाच्या आदल्या दिवशी दुपारी सगळ्या होस्तिया कापून, निवडून, पत्र्याच्या डब्यांत भरून झाल्या आणि दोन मुलांनी ते डबे चॅपलमध्ये, वेदीमागच्या खोलीत नेऊन ठेवले.

त्याच दुपारी सिस्टर परत आल्या. एका डोळ्यावर हिरवं फडकं. हॉस्टेलच्या सिक रूममध्ये जायच्या आधी त्या चॅपलला वळसा घालून आल्या, डबे उघडून बघितले, उरलेल्या एका डोळ्यानं आणि बाकी बोटांनी.

"छान," त्या म्हणाल्या. "सगळ्या सारख्या."

सहा महिन्यांत त्यांच्या तोंडून माझ्यासाठी निघालेला तो पहिला चांगला शब्द. मी हवेतच तरंगत हॉस्टेलवर आले आणि कातरणाची पिशवी खोलीत मध्यभागी रिकामी केली.

माझी रूममेट यवतमाळकडची, नर्सिंगला होती. घरचीच कॅथलिक, लहानपणापासून मिस्सेला जाणारी. अंगानं बारीक, आवाज त्याहून बारीक. तिनं एक तुकडा तोंडात टाकला आणि तिचं तोंड हलायचं थांबलं.

"यात मीठ आहे काय?"

"मग!" मी म्हटलं. "आता लागते की नाही चव?"

"उद्याच्या होस्तियातही?"

"सगळ्यांत. काऊन?"

ती पलंगावर बसली. तिनं तुकडा हळूच हातावर काढला. मग तिनं मला सांगितलं, की होस्तियात गहू आणि पाणी, यापलीकडे काही चालत नाही. मीठ नाही, साखर नाही, सोडा नाही, दुसरं धान्यही नाही. चव यावी म्हणून ती नसतेच. येशूनं शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या भोजनाची ती साधी, बिनखमिराची भाकर, आणि मिस्सेत प्रार्थना झाल्यावर त्यांच्या श्रद्धेनं ती भाकर राहत नाही, तो येशूच असतो. चक्कीबाहेरचा तो दगड मला लख्खकन आठवला.

माझी सवय अशी, की मी घाबरले की आधी चिडते. "मीठच तर आहे! विष नाही घातलं मी. चार चिमटी मिठानं काय तुमचा देव रुसतो?"

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "मी कोणाले सांगणार नाई," ती म्हणाली. "पण उद्या मी घेणार नाई."

"एक तू नाही घेतलं तर काय बिघडतं?"

"काई नाई. बाकीचे घेतीन. त्याईले मालूम नाई ना."

या वाक्यावर माझा राग एकदम ओसरला आणि खाली उरली ती नुसती भीती. खरं सांगायचं तर आधी भीती वाटली ती स्वतःची. सांगितलं तर काम गेलं. काम गेलं तर सीट गेली. सीट गेली तर पुन्हा जामचा थांबा आणि "नाव काढून घे". मग सिस्टर आठवल्या. 'जबाबदारी तुमची', 'माझी'. बिशपसमोर मान खाली त्यांची जाणार होती. आणि न सांगितलं, तर कुणालाच कळणार नव्हतं. इतकं कमी मीठ होतं, की एकीला कळलं तेही माझ्या पिशवीतले मोठाले तुकडे खाल्ल्यामुळे. नाण्याएवढ्या भाकरीत कोण ओळखणार? गप्प राहणं अगदी सोपं होतं. मी गच्चीवर जाऊन मायला फोन लावला. मनातून मला तिच्या तोंडून "राहू दे, गप बस" हेच ऐकायचं होतं.

माय वावरात वांगी तोडत होती. "काय झालं वं? आवाज असा काऊन येऊन राह्यला?"

"माय, मी होस्तियात मीठ टाकलं."

"मंग? चांगलं केलं."

"टाकाचं नसते. त्याईच्या देवाच्या भाकरीत गहू अन् पाणी, बस. दुसरं काईच चालत नाई."

माय हसली नाही. "मीच म्हणलं होतं ना तुले, टाक म्हून," ती म्हणाली. "कोणाले सांगतलं?"

"नाई. सांगतलं तर सीट जाईन, माय."

"एकादशीच्या भगरीत मी हळद टाकतो काय?"

"नाई."

"हळद काई खराब असते काय? रोज खातो आपण. पण उपासाले नाई म्हणजे नाई. अन् कोणी मले न सांगता टाकली, अन् मी ते खाऊन दिवसभर उपास आहे म्हून बसली, तं?"

गच्चीवरून मला मैदानातला मंडप दिसत होता.

"जा. आत्ताच्या आत्ता सांगजो. सांगून घरी आली तं वांगे तोडू दोघी. न सांगता तिथं राह्यली तं तुलेच घास गिळनार नाई." आणि तिनं फोन ठेवला. हळदीचा हिशोब मला एका क्षणात समजला. तो मला धर्माचा कुठलाही ग्रंथ वाचून समजला नसता.

सिक रूम मैदानाच्या पलीकडे. मंडपात मुलं खुर्च्या लावत होती, माईकवर कुणीतरी 'हॅलो, हॅलो' करत होतं. चालता चालता मी तीन वेगवेगळी खोटी वाक्यं तयार केली. मीठ चुकून पडलं. डबा सारखाच होता. अंधार होता. सिस्टर खाटेवर टेकून बसल्या होत्या, हातात जपमाळ. दाराच्या आवाजावर त्यांनी त्यांचा एक डोळा माझ्याकडे वळवला आणि माझी तिन्ही वाक्यं पळून गेली.

"सिस्टर, मी होस्तियात मीठ घातलं."

"किती?"

"चार चिमटी."

"कुठल्या डब्यात?"

"सगळ्या."

त्यांची बोटं जपमाळेवर थांबली. मला वाटलं, आता माझं मनगट धरतील. धरलं नाही.

"मिस्सा उद्या नऊला आहे," त्या म्हणाल्या. "आज ती नुसती भाकर आहे. उद्या नऊ वाजता सांगितलं असतंस तर फार वाईट झालं असतं. आज नुसती भाकर आहे." आणि त्यांनी चपला शोधायला पाय खाली सोडले. माझा जीव अर्धा तिथेच भांड्यात पडला. उरलेला अर्धा फादरकडे अडकला होता.

फादर मंडपात उभे राहून बिशपच्या खुर्चीला फीत बांधून घेत होते. सिस्टरनी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. त्यांचा तांबूस चेहरा चांगलाच लाल झाला.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, सिस्टर..."

"हो. आणि मी म्हटलं होतं, जबाबदारी माझी." हिरवं फडकं लावलेल्या त्या म्हाताऱ्या बाई ताठ उभ्या होत्या. "मी हिला सगळं हातानं दाखवलं. मीठ नको, हे हातानं दाखवता येत नाही. ते तोंडानं सांगावं लागतं. मी सांगितलं नाही."

"का नाही?"

"मला वाटलं, सगळ्यांना माहीत असतं."

फादर माझ्याकडे वळले. "आणि तू? तू का घातलंस?"

आता लपवायचं काही उरलं नव्हतं. "मला वाटलं सिस्टरना बीपी आहे, म्हणून त्या सगळ्यांनाच अळणी खायला घालतात."

फादर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बिशपची खुर्ची ओढली, फितीसकट, आणि तिच्यात बसले. त्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी कळेचना. मग ते मोठ्यानं हसले, इतके की माईकवाला मुलगा थांबून बघू लागला. "चाळीस वर्षं," ते सिस्टरना म्हणाले, "चाळीस वर्षं तुम्ही आम्हाला पथ्यावर ठेवलंय!" सिस्टर हसल्या नाहीत. पण त्यांनी फडक्याला हात लावला, हसू आवरताना डोळा दुखतो तसा.

मी तरीही विचारलं. मला ते ऐकल्याशिवाय तिथून हलताच येत नव्हतं. "फादर, माझी सीट?"

"सीट गेली तर उद्याच्या होस्तिया कोण करणार? मी?" ते उठले. "पळ."

मी खरंच पळाले. पळताना रडत होते, ते मला खोलीचं कुलूप दिसेना तेव्हा कळलं.

यंत्र तापवलं. माझी रूममेट आपणहून आली आणि न बोलता पीठ चाळायला बसली. डॉक्टरनी सिस्टरना वाफेपासून लांब राहायला सांगितलं होतं, म्हणून त्यांनी दाराबाहेर खुर्ची टाकली. आणि ज्या बाई सहा महिन्यांत सहा वाक्यं बोलल्या नव्हत्या, त्या बोलायला लागल्या. भांडं आधी धू. कोरडं पूस. पीठ. आता पाणी. थांब. अजून थोडं. पीठ, पाणी, बस. प्रत्येक कालवणाला त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, जणू मी आजच आले होते. मला एरवी कुणी दुसऱ्यांदा सांगितलेलं खपत नाही. त्या संध्याकाळी मी प्रत्येक वेळी "हो, सिस्टर" म्हटलं. हात एकदाही मध्ये घातला नाही. जेवणाच्या घंटेपर्यंत तक्ते ओल्या कापडात गेले.

सकाळी उजाडता उजाडता आम्ही दोघींनी ते कापले. काही तडकले, बरेच कमी पडले. फादरनी डबे बघून सांगितलं, की मी अर्ध्या करून देईन, मोडूनच तर द्यायची असते ती.

मिस्सेला मी सगळ्यात मागच्या रांगेत बसले. बिशपनी ती भाकर दोन्ही हातांनी वर धरली तेव्हा सगळा मंडप शांत झाला. इतके दिवस चॅपलच्या दारातून मी ती उचलताना पाहिली की मनात यायचं, माझी आहे, मी भाजलीय. त्या दिवशी त्यात गहू होता आणि पाणी होतं. माझं काहीच नव्हतं. आणि मला इतकं हलकं आयुष्यात आधी कधी वाटलं नव्हतं. माझी रूममेट रांगेतून पुढे गेली, अर्धी होस्तिया घेतली आणि हात जोडून, मान खाली घालून माझ्या बाजूनं परत आली. तिनं घेतली. एवढंच मला बघायचं होतं.

दुपारी मी खोलीत आले तर मिठाच्या होस्तियांचे डबे टेबलावर आणून ठेवलेले. सिस्टर शेजारी बसलेल्या.

"यांचं काय करायचं?" मी विचारलं.

"भाकर आहे. मुलींना दे. चहाबरोबर."

त्यांनी एक डबा जवळ ओढला. दाराकडे एकदा पाहिलं. मग एक होस्तिया उचलून जिभेवर ठेवली आणि उघडा डोळाही मिटून घेतला. त्या चावत नव्हत्या, विरघळू देत होत्या. किती वर्षांनी त्यांच्या जिभेवर मीठ आलं होतं, मला माहीत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की बरीच झाली असावीत.

"कशी झालीय?" मला राहवलं नाही.

"मीठ थोडं जास्त आहे," त्या म्हणाल्या.

मी उसळून काहीतरी बोलणार होते. चार चिमटी म्हणजे जास्त? पण त्यांनी दुसरीसाठी हात पुढे केला होता. डबा माझ्या जवळ होता. मी झाकण घट्ट लावलं आणि डबा उचलून काखेत धरला.

"बस, सिस्टर," मी म्हटलं.

त्या हसल्या. फडक्यावर तळहात दाबून धरून, दुखत असतानाही, कितीतरी वेळ हसत राहिल्या.